कंपनीच्या कामासाठी परदेशी जाणाऱ्याचा विमा: कुठल्या क्रमाने काढायचा आणि कुठे चुकतं

शुक्रवारी संध्याकाळी पावणेसहाला ट्रॅव्हल डेस्कवर फोन वाजतो. "सोमवारी व्हीएफएसची अपॉइंटमेंट आहे, इन्शुरन्स तेवढा काढून ठेवा." (व्हीएफएस म्हणजे बऱ्याच देशांसाठी व्हिसाचे अर्ज स्वीकारणारी कंपनी.) सगळी गोम त्या 'तेवढा'मध्ये आहे. चाकण, भोसरी, हिंजवडीतून कुणी ना कुणी सतत जर्मनीला, जपानला, अमेरिकेला जात असतं. त्यातल्या बहुतेकांचा विमा व्हिसाच्या यादीतला शेवटचा कागद म्हणून निघतो, दहा मिनिटांत, सगळ्यांत स्वस्त प्लॅनवर टिचकी मारून. व्हिसा मिळतोही. माणूस तिकडे आजारी पडला की लक्षात येतं, कागद व्हिसा अधिकाऱ्यासाठी काढला होता, माणसासाठी नाही.

लहान-मध्यम कंपन्यांत एचआर, ॲडमिन किंवा ट्रॅव्हल डेस्क सांभाळणाऱ्यांसाठी हा क्रम लिहिला आहे. जाणाऱ्यानंही वाचावा, कारण निम्म्या चुका त्याच्याकडून होतात. दौरा ठरला की लगेच सुरुवात करा, तिकिटाची वाट बघू नका.

## १. आधी माणसाशी बोला, पोर्टल नंतर उघडा

पंधरा मिनिटं समोर बसवून विचारायचं: तिथे नेमकं काय काम करणार, कोणकोणत्या देशांत पाय ठेवणार, किती दिवस, आणि काम संपल्यावर सुटी जोडणार आहात का किंवा घरचं कुणी सोबत येतंय का.

पहिला प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आणि तोच कुणी विचारत नाही. बिझनेस ट्रॅव्हलच्या अनेक पॉलिसी मीटिंग, प्रदर्शन, ट्रेनिंग अशी टेबलावरची कामं गृहीत धरून लिहिलेल्या असतात. अंगमेहनतीचं काम, उंचीवरचं काम, मशीन बसवणं हे त्यांच्या वगळलेल्या यादीत असू शकतं. पुण्यातून जाणाऱ्यांत तर कमिशनिंग इंजिनिअर (नवं मशीन बसवून चालू करून देणारे), सर्व्हिस इंजिनिअर, फिटर यांचा भरणा मोठा. हेल्मेट आणि सेफ्टी शूज घालून ग्राहकाच्या शॉपफ्लोअरवर उभा राहणारा माणूस कागदावर 'मीटिंगला आलेला पाहुणा' असतो.

हे मी अनुभवानं सांगतोय. आमचा एक सर्व्हिस इंजिनिअर पोलंडमध्ये ग्राहकाच्या कारखान्यात मशीन बसवत होता. पॅलेट सरकलं आणि उजव्या हाताची दोन बोटं त्याखाली आली. क्लेम टाकला तेव्हा पहिला प्रश्न आला: दौऱ्याचा उद्देश काय होता? फॉर्मवर मी 'बिझनेस मीटिंग' निवडलं होतं, कारण ड्रॉपडाउनमध्ये तोच पर्याय सगळ्यांत वर होता. क्लेम फेटाळला गेला, बिल कंपनीनं भरलं. बोटं बरी झाली. मला मात्र तो ड्रॉपडाउन अजून डोळ्यांसमोर दिसतो.

म्हणून कामाचं स्वरूप दोन ओळींत लिहून ब्रोकरला किंवा विमा कंपनीला ईमेल करा: "ग्राहकाच्या कारखान्यात मशीनची जोडणी आणि चाचणी, अधूनमधून शिडीवर चढून काम. हे कव्हर होतं का?" उत्तर फोनवर आलं तर "लेखी पाठवा" म्हणा. 'नाही' असं उत्तर आलं तर प्लॅन बदला किंवा जादा प्रीमियम भरून एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीत तशी लेखी दुरुस्ती, करून घ्या.

तपासा: निमंत्रणपत्रावरचं काम, व्हिसा अर्जावरचं काम आणि विम्याच्या फॉर्मवरचं काम एकच आहे ना? तिन्हीकडे तीन गोष्टी लिहिल्या असतील तर अडचण विम्यापुरती राहत नाही. त्या व्हिसावर ते काम करता येतं का, हा प्रश्नही तेव्हाच सोडवून घ्या.

## २. कंपनीकडे आधीच काय आहे ते कपाटातून काढा

"आपला ग्रुप मेडिक्लेम आहे की." आहे, पण तो साधारणपणे भारतातल्या उपचारांपुरता असतो. ग्रुप पर्सनल ॲक्सिडेंट पॉलिसी बऱ्याचदा जगभर चालते, पण ती मृत्यू आणि अपंगत्वाचे पैसे देते, हॉस्पिटलचं बिल भरायला तिचा फारसा उपयोग नाही. क्रेडिट कार्डावरच्या फुकट विम्यावर कुणालाही परदेशी पाठवू नका. यजमान कंपनीचा विमा तिच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी असतो.

एक गैरसमज लांबच्या नेमणुकांत दिसतो. जर्मनी, जपान, नेदरलँड्स अशा देशांशी भारताचे सामाजिक सुरक्षा करार आहेत. तिथे जाणाऱ्यासाठी ईपीएफओकडून (पीएफचं सरकारी कार्यालय) सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज, म्हणजे सीओसी मिळतं. त्यातला 'कव्हरेज' हा शब्द वाचून लोक निर्धास्त होतात. ते सामाजिक सुरक्षेची वर्गणी दोन्ही देशांत भरावी लागू नये यासाठीचं प्रमाणपत्र आहे. आपल्याकडून काढलेला प्रवास विमा म्हणून ते कुठल्याच हॉस्पिटलच्या काउंटरवर चालत नाही.

कंपनीची वार्षिक कॉर्पोरेट ट्रॅव्हल पॉलिसी असेल तर दोन आकडे शोधा. एक, प्रत्येक दौऱ्याची कमाल मुदत. पॉलिसी वर्षभराची असली तरी एका दौऱ्याला ३०, ४५ किंवा ६० दिवसांची मर्यादा असते. कमिशनिंगचा दौरा 'चाळीस दिवसांत आटपू' म्हणत बावन्नवर जातो, हे ज्यांनी साइट पाहिली आहे त्यांना सांगायला नको. दुसरा, शिल्लक मॅन-डेज, म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांचे मिळून प्रवासाचे उरलेले दिवस. दिवसांचा गठ्ठा विकत घेतला असेल तर तो मार्चच्या आत संपलाय का, हे आधी बघा. आणि अशा पॉलिसीत माणूस निघण्याआधी त्याचं नाव विमा कंपनीला कळवावं लागतं. 'सगळे आपोआप कव्हर' असं गृहीत धरू नका.

## ३. तब्येतीची माहिती, तीसुद्धा खाजगीत

सगळ्यांत जास्त खोटं याच टप्प्यावर बोललं जातं आणि त्याला बऱ्याचदा आपणच जबाबदार असतो. प्रपोजल फॉर्म ईमेलनं जातो, सीसीमध्ये मॅनेजर. प्रश्न: मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार आहे का? ज्याला ही पहिली परदेशवारी मिळाली आहे तो साहेबांच्या डोळ्यांदेखत 'हो' लिहील? तो मुकाट 'नाही'वर खूण करतो, आणि शुगरच्या गोळ्या बॅगेत सॉक्सच्या घडीत ठेवतो.

त्यामुळे हा फॉर्म मॅनेजरच्या हाती जाता कामा नये. विमा कंपनीची किंवा ब्रोकरची लिंक थेट कर्मचाऱ्याला पाठवा. ऑफिसला फक्त 'भरला' एवढं कळलं तरी पुरे.

जाणाऱ्यासाठी सोपा नियम: रोज गोळी घेत असाल तर उत्तर 'हो'. "बीपी आता नॉर्मल आहे हो" म्हणणारे विसरतात की ते गोळीमुळे नॉर्मल आहे. तीन वर्षांपूर्वीची अँजिओप्लास्टी हीसुद्धा सांगायची गोष्ट आहे. तिकडचे डॉक्टर केसपेपरवर पहिल्याच ओळीत जुना इतिहास लिहितात आणि विमा कंपनी तोच कागद मागते.

आधीपासून असलेला आजार जाहीर केला म्हणजे तो पूर्ण कव्हर झाला, असंही नाही. बऱ्याच पॉलिसी अशा आजारासाठी फक्त जिवावर बेतलेल्या प्रसंगी, तेही ठरावीक रकमेपर्यंत पैसे देतात. ती रक्कम किती, हे विचारा. पन्नाशीच्या पुढच्या, गोळ्या चालू असलेल्या माणसाला अमेरिकेला पाठवताना याच एका आकड्यावरून प्लॅन निवडावा असं माझं मत आहे. बाकी सगळं दुय्यम.

गोळ्या किती न्यायच्या, हेही आत्ताच बघा. डॉक्टरांकडून लेटरहेडवर औषधाचं मूळ नाव, ब्रँडचं नव्हे, आणि डोस लिहून घ्या. जपानमध्ये डॉक्टरनं लिहून दिलेली औषधं एक महिन्याच्या पुरवठ्यापेक्षा जास्त न्यायची असतील तर 'युन्यू काकुनिन-शो' नावाची परवानगी आधी काढावी लागते. स्यूडोएफेड्रिन जास्त असलेल्या सर्दीच्या गोळ्या तिथे चालत नाहीत. आखाती देशांत ट्रामाडॉल, कोडीन असलेली औषधं नियंत्रित आहेत.

## ४. रक्कम आणि नकाशा

शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय कव्हर लागतं. ते सगळ्या शेंगेन देशांत, राहण्याच्या पूर्ण काळासाठी चालायला हवं आणि त्यात तातडीचे उपचार, हॉस्पिटल, मायदेशी परत आणणं आणि मृत्यू हे सगळं यायला हवं. हा व्हिसा मिळण्यापुरता तळ आहे. लोक त्यालाच छत समजतात. आयसीयूत आठवडा काढून वैद्यकीय देखरेखीत विमानानं परत यावं लागलं तर तेवढ्या रकमेत भागेल याचा भरवसा नाही. मी युरोपसाठी एक लाख डॉलरच्या खाली जात नाही, अमेरिकेसाठी अडीच लाखांच्या खाली नाही आणि वय पन्नासच्या वर असेल तर पाच लाख. प्रीमियममधला फरक पुणे-मुंबई कॅबच्या भाड्याहून फार मोठा नसतो.

नकाशात दोन ठिकाणी पाय घसरतो. शेंगेनमध्ये २९ देश आहेत, पण ब्रिटन आणि आयर्लंड त्यात नाहीत. फ्रँकफर्टचं काम आटोपून दोन दिवस बर्मिंगहॅमला जाणाऱ्याकडे फक्त शेंगेनपुरतं लिहिलेली पॉलिसी असेल तर ते दोन दिवस तो उघड्यावर आहे. ब्रिटनमध्ये इमर्जन्सी विभागातली तपासणी मोफत होते, पण ॲडमिट केलं की परदेशी पाहुण्याला सरकारी हॉस्पिटलच्या खर्चाच्या १५० टक्के बिल लागतं. दुसरी जागा म्हणजे 'वर्ल्डवाइड, अमेरिका-कॅनडा वगळून' हा स्वस्त प्लॅन. मेक्सिकोला ह्यूस्टनमार्गे जाणारा माणूस ह्यूस्टनच्या विमानतळावर कोसळला तर? वाटेत बदलाचं विमान ज्या देशात आहे तोही देश मोजा.

डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेममागे खिशातून भरायची रक्कम, ५० किंवा १०० डॉलर असली तर चालेल. जास्त बघायचं ते सबलिमिट. खोलीचं भाडं, सर्जनची फी, आयसीयू यांना वेगवेगळी मर्यादा असेल तर वरची पाच लाखांची पाटी निव्वळ शोभेची. साठीच्या पुढच्या लोकांच्या प्लॅनमध्ये हे विशेषतः असतं. रिटायर होऊन सल्लागार म्हणून परत आलेल्या साहेबांना पाठवताना दोनदा वाचा.

बॅगेज कव्हर किती, यावरून प्लॅन निवडू नका. बॅगेत असतं काय? चार शर्ट आणि भाकरवडी.

## ५. तारखा मोजताना

मुंबईहून युरोपची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. माणूस ११ तारखेला संध्याकाळी पुण्याहून निघतो, विमान १२ तारखेला पहाटे. परतताना १९ ला दुपारी तिकडून निघतो, उतरतो २० ला. पॉलिसी १२ ते १९ काढली तर शेवटचा दिवस कोरा. दोन्ही टोकांच्या तारखा धरून दिवस मोजा आणि पुढे दोन-तीन दिवस जादा घ्या. विमान चुकतं, बर्फ पडतं, ग्राहक "आणखी एक ट्रायल घेऊ" म्हणतो.

एक्स्प्रेसवेवरच्या कॅबचं काय? बहुतेक ओव्हरसीज पॉलिसी माणूस भारताबाहेर पडताना सुरू होतात. खंडाळ्याच्या घाटात काही झालं तर उपयोग ग्रुप मेडिक्लेम आणि पर्सनल ॲक्सिडेंट पॉलिसीचा. घरच्यांना हे माहीत असलं पाहिजे.

कामाला जोडून सुटी असेल तर ते दिवसही कव्हर होतात का, हे विचारा. कॉर्पोरेट पॉलिसी कधीकधी काम संपलं की संपते. तसं असेल तर त्या दिवसांची वेगळी पॉलिसी भारतात असतानाच घ्यायची, कारण तिकडे गेल्यावर नवी काढायला गेलात तर बहुतेक कंपन्या नाही म्हणतात. आहे तीच वाढवायची असेल तर अर्ज मुदत संपायच्या आत करायचा.

सावधान: मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी "आजच्यापासून वाढवून द्या" म्हणून केलेला फोन वाया जातो.

## ६. नाव

मराठी माणसाच्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात स्वतःच्या नावापुढे बहुतेकदा वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. एचआरच्या एक्सेलमध्ये मात्र फक्त नाव-आडनाव. लग्नानंतर ऑफिसात नाव बदललं, पासपोर्टवर माहेरचंच आहे, हेही नेहमीचं. एक्सेल बंद करा, पासपोर्ट समोर ठेवा आणि अक्षरन् अक्षर तसंच टाइप करा. नॉमिनीच्या जागी कंपनीचं नाव पडलेलं नाही ना, तेही बघा.

## ७. पॉलिसी आली, आता वाचा

व्हीएफएसच्या फायलीत लावण्याआधी निदान पहिली दोन पानं आणि वगळलेल्या गोष्टींची यादी वाचायची. शेंगेनसाठी असेल तर सर्टिफिकेटवर रक्कम, सर्व शेंगेन देशांचा उल्लेख आणि परत आणण्याचा खर्च स्पष्ट छापलेला हवा. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी व्हायलाच हवा. चूक दुरुस्त करायचा वेळ त्यात धरा. व्हिसा नाकारला गेला तर पॉलिसी सुरू व्हायच्या तारखेआधी रद्द करा, नकाराचं पत्र जोडा. पैसे सहसा परत मिळतात. तारीख उलटली की भांडण.

## ८. पासपोर्टात एक चिठ्ठी

चाळीस पानांची पीडीएफ ईमेलमध्ये पडून असते आणि फोनची बॅटरी संपलेली असते. म्हणून एक छोटी छापील चिठ्ठी पासपोर्टच्या कव्हरात घाला: पॉलिसी नंबर, असिस्टन्स कंपनीचा (विमा कंपनीच्या वतीनं परदेशात मदत करणारी) नंबर देशाच्या कोडसकट, रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं, घरचा नंबर. टोल-फ्री नंबर भारतीय सिमच्या रोमिंगवरून लागेलच असं नाही, त्यामुळे साधा नंबरही लिहा. निघायच्या आधी त्या नंबरवर एकदा फोन करून बघा. मी दर वेळी करतो. एकदा तो नंबर बंदच निघाला होता, पॉलिसीवर जुना छापलेला.

एक प्रत घरी, फ्रिजवर. ऑफिसातली प्रत रविवारी कुलपात असते.

## ९. तिकडे काही झालं तर

नेहमीचा चुकीचा क्रम असा. माणूस आधी साहेबांना फोन करतो. डेट्रॉइटला दुपारचे तीन वाजलेले असतात, उन्हाळ्यात इथे रात्रीचे साडेबारा. साहेब मला उठवतात, मी ब्रोकरला, ब्रोकरचा फोन सायलेंट. तोवर हॉस्पिटलनं डिपॉझिट मागितलेलं असतं.

योग्य क्रम: जिवावरचं असेल तर आधी स्थानिक इमर्जन्सी नंबर. युरोपात ११२, अमेरिकेत ९११, जपानमध्ये ॲम्ब्युलन्ससाठी ११९. लगेच असिस्टन्स कंपनीला फोन आणि क्लेमचा रेफरन्स नंबर कागदावर. हॉस्पिटलला लागणारी पैशांची हमी तीच कंपनी पाठवते. ऑफिसला त्यानंतर. ॲडमिट झाल्याची खबर किती तासांत द्यायची हे पॉलिसीत असतं, सहसा २४ तास. बेशुद्ध माणूस फोन करणार नाही, म्हणून सोबतच्या सहकाऱ्याच्या फोनमध्येही तो नंबर असू द्या.

ताप, पोट बिघडणं, दातदुखी यासाठी कॅशलेस क्वचितच मिळतं. पैसे भरा, बिल घ्या. अमेरिकेत साध्या तापासाठी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत शिरू नका, 'अर्जंट केअर' क्लिनिक शोधा, बिलात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. कुठेही गेलात तरी निदान लिहिलेला डॉक्टरचा कागद मागून घ्या. नुसत्या कार्डाच्या स्लिपवर क्लेम होत नाही.

बॅग आली नाही तर विमानतळाबाहेर पडण्याआधी एअरलाइनच्या काउंटरवर पीआयआर, म्हणजे बॅग न मिळाल्याचा रिपोर्ट घ्या. हॉटेलवर पोहोचून केलेली तक्रार फार कमजोर ठरते. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांचा रिपोर्ट, मग भारतीय दूतावास.

## १०. परत आल्यावर

मूळ बिलं, डॉक्टरचे कागद, पासपोर्टची प्रत, रद्द केलेला चेक, आणि बोर्डिंग पास. बोर्डिंग पासवर जोर का? शेंगेन देशांत १२ ऑक्टोबर २०२५ पासून ईईएस ही इलेक्ट्रॉनिक नोंदणी टप्प्याटप्प्यानं सुरू झाली आणि शिक्क्यांची जागा ती घेते. 'एंट्री-एक्झिटचा शिक्का दाखवा' असं क्लेमच्या यादीत लिहिलेलं असताना पासपोर्टात शिक्काच नसेल, तर प्रवासाचा पुरावा बोर्डिंग पासच. मोबाइलवरचा विमान सुटल्यावर ॲपमधून गायब होतो, त्याचा स्क्रीनशॉट आधीच काढा.

बॅगेसाठी एअरलाइनकडे लेखी तक्रार वेगळी करायची असते: मोडतोड असेल तर बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत, उशिरा मिळाली असेल तर २१ दिवसांत. विम्याचा क्लेम टाकला म्हणून हे चुकत नाही.

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा. विमा कंपनीच्या तक्रार विभागाकडे लिहा, महिनाभर वाट बघा. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. त्यांचं कार्यालय पुण्यातच आहे, नारायण पेठेत न. चिं. केळकर रस्त्यावर. ग्रुप पॉलिसीतल्या तक्रारीही तिथे चालतात, फी नाही, वकील लागत नाही. विमा कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत जायचं. जाताना पहिल्या टप्प्यावर कामाच्या स्वरूपाबद्दल आलेलं लेखी उत्तर फायलीत सगळ्यांत वर लावा.